निसर्गाचा समतोल : शास्त्राचा निष्कर्ष की जुने रूपक?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात निसर्गविषयक मजकूर नियमितपणे आणि आस्थेने छापला जातो, याचे समाधान वाटते, म्हणूनच हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे. बिबट्या उसात शिरला, गव्यांचा कळप गावात आला, नदीने पात्र सोडले किंवा एखाद्या वर्षी आंब्यावर तुडतुडे फार झाले, की बातमीच्या अखेरीस एक वाक्य ठरलेले असते : ‘निसर्गाचा समतोल ढळल्याचे हे लक्षण असल्याचे तज्ज्ञांचे मत आहे.’ अग्रलेखांतही हा समतोल अधूनमधून डोकावतो आणि तो पुन्हा प्रस्थापित करण्याचे आवाहन केले जाते. त्या वाक्यामागची कळकळ मला मान्य आहे. माझी हरकत ‘तज्ज्ञांचे मत’ या दोन शब्दांना आहे. ज्या शास्त्राच्या नावाने हे मत सांगितले जाते, त्या परिस्थितिकीने, म्हणजे इकॉलॉजीने, गेल्या शंभर वर्षांत या कल्पनेची फार कडक उलटतपासणी केली आहे आणि त्या तपासणीत ती जशीच्या तशी टिकलेली नाही. ही गोष्ट वाचकांपर्यंत पोहोचत नाही. तिचे परिणाम शब्दांपुरते राहिले असते तर मी पत्र लिहिलेही नसते. पण आपल्या पठारावरच्या माळांना ते चांगलेच भोवले आहेत.

आधी एक कबुली देतो. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि त्यातली बहुतेक वर्षे फळ्यावर एकच आकृती काढली : उघडा खडक, त्यावर दगडफूल, मग शेवाळ, मग गवत, मग झुडपे आणि सर्वांत शेवटी उंच वृक्षांचे जंगल. बाण सगळे एकाच दिशेला. ‘अनुक्रमण’ या मथळ्याखाली ही आकृती परीक्षेत हमखास येई आणि मुले तिच्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवत. एकदा मेंढपाळ कुटुंबातला एक विद्यार्थी म्हणाला, “सर, मग आमचा माळ अजून चौथीतच का अडकलाय?” वर्ग हसला, मीही हसलो आणि ‘चराईमुळे’ असे पुस्तकी उत्तर देऊन पुढे गेलो. त्या मुलाने विचारलेला प्रश्न परिस्थितिकीच्या पायाला हात घालणारा होता, हे मला कळायला बरीच वर्षे लागली.

या शास्त्राच्या नावापासूनच आपल्याकडे घोळ आहे. कोणी त्याला परिस्थितिविज्ञान म्हणते, कोणी परिस्थितिकी, कोणी परिसरशास्त्र, आणि वर्तमानपत्रांत तर सरसकट ‘पर्यावरण’ हा एकच शब्द सगळीकडे चालतो. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल याने १८६६ मध्ये ‘घर’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या शास्त्राला नाव दिले, तेव्हा सजीव आणि त्यांच्या भोवतालचे बाह्य जग यांच्यातील सर्व संबंधांचा अभ्यास एवढाच अर्थ त्याच्या मनात होता. काय राखावे, काय वाचवावे, माणसाने कसे वागावे हे प्रश्न त्या व्याख्येत नव्हते. ते प्रश्न महत्त्वाचे आहेत, कदाचित अधिक महत्त्वाचे आहेत, परंतु ते मूल्यांचे प्रश्न आहेत. ‘पर्यावरण’ या एका शब्दात शास्त्र आणि चळवळ दोन्ही कोंबल्यामुळे चळवळीची इच्छा शास्त्राचा निष्कर्ष म्हणून छापली जाते, आणि ‘समतोल’ हा त्याचा सर्वांत ठळक नमुना आहे.

ही कल्पना शास्त्रापेक्षा कितीतरी जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने असे लिहून ठेवले, की जे प्राणी भित्रे आणि सर्वांचे भक्ष्य असतात त्यांना दैवी योजनेने भरपूर पिल्ले होतात आणि जे हिंस्र असतात त्यांना थोडी होतात. ससा सारखा विणारा, तर सिंहीण जन्मात एकदाच एकच छावा देणारी. सिंहिणीविषयीची ही माहिती साफ चुकीची आहे, पण तिच्यातून विचाराची ठेवण दिसते : जगात एक हिशेब आहे आणि तो कोणीतरी नीट लिहून ठेवला आहे. १७४९ मध्ये स्वीडनमध्ये कार्ल लिनियसच्या देखरेखीखाली ‘निसर्गाची गृहव्यवस्था’ या विषयावर जो प्रबंध मांडला गेला, त्यातही प्रत्येक जीवाला निर्मात्याने नेमून दिलेले काम आणि नेमून दिलेली संख्या आहे. पुढे डार्विनने या घरातला कारभारीच काढून टाकला. व्यवस्था राहिली, पण तिची योजना करणारा कोणी उरला नाही, आणि जी काही व्यवस्था दिसते ती जगण्याच्या झगड्यातून आपोआप घडलेली ठरली. कारभारी गेल्यावरही हिशेब कायम जमतोच असे मानायला कोणता आधार आहे, हा प्रश्न तेव्हाच विचारला जायला हवा होता. तो विचारला जायला आणखी अर्धे शतक जावे लागले.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात वाढलेल्या फ्रेडरिक क्लेमेंट्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने परिस्थितिकीला तिचा पहिला भक्कम सिद्धान्त दिला. १९१६ च्या आपल्या ग्रंथात त्याने असे मांडले, की एखाद्या प्रदेशातील वनस्पतींचा समुदाय हा स्वतःच एक सजीव देह आहे. तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो आणि त्याची अंतिम, प्रौढ अवस्था त्या प्रदेशाचे हवामान ठरवते. आग, नांगर, चराई हे सगळे आजार. ते दूर केले की देह आपोआप बरा होतो. याच प्रौढ अवस्थेला चरम समुदाय म्हणतात आणि माझ्या फळ्यावरच्या बाणांचे टोक तिथेच पोहोचत असे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानांत धुळीची वादळे उठली, नांगरलेली माती आकाशात उडाली, तेव्हा क्लेमेंट्सचे म्हणणे अनेकांना प्रत्यक्ष डोळ्यांपुढे खरे ठरल्यासारखे वाटले.

याच्या नेमके उलट मत हेन्री ग्लीसन या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात मांडले. त्याच्या मते समुदाय नावाची स्वतंत्र वस्तूच नाही. प्रत्येक वनस्पतीची जात आपापल्या गरजेप्रमाणे, आणि तिचे बी जिथे योगायोगाने जाऊन पडेल तिथे उगवते. ज्या जातींच्या गरजा जुळतात त्या शेजारी शेजारी दिसतात, आणि आपण त्या शेजाराला नाव देऊन मोकळे होतो. क्लेमेंट्सचे जंगल हे एकत्र कुटुंब असेल तर ग्लीसनचे जंगल म्हणजे एस.टी. स्थानकावर एकाच वेळी जमलेले प्रवासी. ग्लीसनकडे त्या काळात फारसे कोणी लक्ष दिले नाही आणि तो पुढे वनस्पतींच्या वर्गीकरणाकडे वळला. १९५० च्या दशकात रॉबर्ट व्हिटेकर याने ग्रेट स्मोकी पर्वतांत चढणीवर पायरीपायरीने झाडे मोजली, तेव्हा एक समुदाय संपून दुसरा सुरू होतो अशा रेषा त्याला सापडल्या नाहीत. प्रत्येक जात आपल्या गतीने वाढत आणि विरळ होत गेलेली दिसली. नंतर तळ्यांच्या गाळातील परागकणांवरून हिमयुगोत्तर काळातील जंगलांचा इतिहास उलगडला, तेव्हा असे दिसले की बर्फ मागे हटल्यावर वृक्षांच्या जाती गटाने सरकल्या नव्हत्या. जी ती जात आपल्या वाटेने आणि आपल्या वेळेने उत्तरेला गेली होती. आज जे जंगल आपल्याला पुरातन आणि अखंड वाटते, त्यातले शेजारी काही हजार वर्षांपूर्वी एकमेकांच्या आसपासही नसतील.

हा वाद केवळ निरीक्षणांचा नव्हता. समुदाय ही वस्तू आहे की आपण घातलेले नाव आहे, हा तत्त्वज्ञानातला जुना वाद इथे चिखलात, काट्याकुट्यांत उतरून लढला गेला. त्यात सर्वांत सूक्ष्म विचार मला ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्ली यांचा वाटतो. दक्षिण आफ्रिकेतील जॉन फिलिप्स यांनी क्लेमेंट्सच्या बाजूने, आणि त्याच देशातील राजकारणी यान स्मट्स यांच्या ‘समग्रतावादा’चा आधार घेत, लांबलचक लेखमाला लिहिली होती. तिला उत्तर म्हणून टॅन्स्लींनी १९३५ मध्ये जो लेख लिहिला, त्यात ‘परिसंस्था’ ही आज प्रत्येक शाळकरी मुलाच्या तोंडी असलेली संज्ञा छापील स्वरूपात प्रथम आली. गंमत अशी, की ही संज्ञा आज ज्या भाविकतेने उच्चारली जाते, ती भाविकता मोडून काढण्यासाठीच ती पुढे केली गेली होती. टॅन्स्लींचे म्हणणे असे, की सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा मिळून एक भौतिक व्यवस्था होते, पदार्थविज्ञानात असते तशी. आणि अभ्यासासाठी आपण जी व्यवस्था बाजूला काढतो ती आपल्या मनाने वेगळी केलेली असते. प्रत्यक्षात अशा व्यवस्था एकमेकींत गुंतलेल्या आणि एकमेकींवर चढलेल्या असतात. परिसंस्थेची हद्द जमिनीवर आखलेली नसते. आपण कोणता प्रश्न विचारतो, त्यावर ती ठरते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील हबर्ड ब्रूकचे प्रयोग. जंगलात पोषकद्रव्ये किती येतात आणि तिथून किती जातात हे मोजायचे होते; हद्द न ठरवता जमाखर्च मांडणार कसा? तेथील संशोधकांनी पाणलोट क्षेत्र हे एकक निवडले, कारण पाणी एकाच ओढ्यातून बाहेर पडते आणि तिथे ते मोजता येते. १९६५ च्या अखेरीस त्यांनी एका संपूर्ण पाणलोटातले जंगल तोडले, नवी वाढ होऊ दिली नाही, आणि ओढ्यातून वाहून जाणाऱ्या नायट्रेटचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले पाहिले. ज्या महाराष्ट्रात गावोगावी पाणलोटाची कामे झाली, तिथल्या वाचकाला हे सांगण्याची गरज नाही की पाण्याच्या हिशेबासाठी पाणलोट ही अगदी योग्य हद्द आहे. मात्र त्याच पाणलोटावरून उडत जाणाऱ्या भोरड्यांसाठी, किंवा तीन तालुके पालथे घालणाऱ्या लांडग्यासाठी, ती हद्द अस्तित्वातच नसते. तेव्हा ‘येथील परिसंस्था बिघडली’ असे म्हणताना कोणाच्या हिशेबाची परिसंस्था, हा प्रश्न टाळता येत नाही.

देहाची उपमा का टिकत नाही याचे आणखी एक कारण आहे आणि ते उत्क्रांतीतून येते. माझे हृदय आणि माझे यकृत एकमेकांसाठी काम करतात, कारण ती दोन्ही एकाच देहाबरोबर जगली, वाढली आणि वारशाने पुढे गेली. वाघ आणि सांबर यांचा तसा सामाईक वारसा नाही. जंगलाला पिल्ले होत नाहीत आणि चांगल्या जंगलाची निवड होऊन वाईट जंगल वंशहीन होत नाही. वाघ सांबरांची संख्या ‘आटोक्यात ठेवण्यासाठी’ शिकार करत नाही. तो भुकेसाठी करतो आणि संख्येचे जे व्हायचे ते होते. ‘गिधाडांचे काम सफाईचे’ असे आपण सहज म्हणतो, म्हणायला हरकतही नाही, फक्त ते काम त्यांना कोणी नेमून दिलेले नाही हे लक्षात असावे.

मग संख्या तरी स्थिर राहते का? चार्ल्स एल्टन हे अन्नसाखळीची कल्पना रुजवणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ. त्यांनी १९३० मध्येच निसर्गाचा समतोल अस्तित्वात नाही, कदाचित कधी नव्हताही, असे स्पष्ट लिहिले होते. पण त्याहून बोलके उदाहरण उत्तर अमेरिकेतील लेक सुपीरिअर या सरोवरातील आयल रॉयल बेटाचे आहे. पाचशेहून अधिक चौरस किलोमीटरचे हे बेट राष्ट्रीय उद्यान असून तेथील मूस या महाकाय हरणांची आणि लांडग्यांची गणना १९५८ पासून चालू आहे. शिकार नाही, शेती नाही, भक्ष्य एक आणि भक्षक एक. समतोल पाहायचा असेल तर याहून सोपी जागा मिळणार नाही. १९८० मध्ये तेथे ५० लांडगे होते. मग कुत्र्यांचा पार्व्हो विषाणू बेटावर पोहोचला, बहुधा एखाद्या पर्यटकाच्या कुत्र्याबरोबर, आणि दोन वर्षांत लांडगे १४ वर आले. मूस वाढत वाढत १९९५ च्या सुमारास दोन हजार चारशेच्या आसपास गेले आणि एका कठोर हिवाळ्यानंतर, गोचिडांनी आणि उपासमारीने, जेमतेम पाचशेच्या घरात कोसळले. गोठलेल्या सरोवरावरून चालत आलेल्या एका नर लांडग्याने कळपात नवे रक्त आणले, ते काही वर्षे पुरले, आणि पुढे जवळच्या नात्यातील संकरामुळे २०१६ पर्यंत दोनच लांडगे शिल्लक राहिले. शेवटी २०१८ आणि २०१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले. या साठ वर्षांतले कोणते वर्ष ‘समतोलाचे’ म्हणून निवडावे, ते ज्याने त्याने सांगावे.

सिद्धान्ताच्या बाजूनेही धक्का बसला. जातींची विविधता जितकी जास्त तितकी व्यवस्था स्थिर, हे विधान बराच काळ जवळजवळ स्वयंसिद्ध मानले जात होते. मूळचे भौतिकशास्त्रज्ञ असलेले ऑस्ट्रेलियाचे रॉबर्ट मे यांनी १९७२ मध्ये दोन पानांच्याही आतल्या एका टिपणात गणिताने दाखवले, की यदृच्छेने जोडलेल्या व्यवस्थेत घटक आणि त्यांचे परस्परसंबंध वाढत गेले, तर ती अस्थिर होण्याचीच शक्यता वाढते. विविधता वाईट असा याचा अर्थ नव्हे. प्रत्यक्षातील जंगले यदृच्छेने जोडलेली नसतात, त्यांच्या बांधणीत काहीतरी खास असते, आणि ते काय हे शोधणे म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांतल्या परिस्थितिकीचे मोठे काम ठरले. पण तेव्हापासून ‘स्थिर’ हा शब्द वापरताना शास्त्रज्ञ जपून राहू लागले. संख्या न बदलणे एक, धक्क्यानंतर पूर्वपदावर येणे दुसरे. आणि १९७३ मध्ये क्रॉफर्ड हॉलिंग यांनी दाखवून दिले तसे, आकड्यांत मोठे चढउतार होत असूनही व्यवस्थेचे मूळ रूप न मोडणे हे तर आणखी निराळेच. मराठीत या सगळ्यांना आपण ‘समतोल’च म्हणतो, त्यामुळे दोन माणसे वाद घालताना एकमेकांच्या शेजारून निघून जातात.

या ठिकाणी कोणी असे म्हणेल, की ज्या शास्त्राला आपल्या मूळ संज्ञाही धड ठरवता येत नाहीत ते शास्त्र कसले? ही टीका परिस्थितिकीच्या आतूनही झाली आहे. जॉन लॉटन यांनी १९९९ मध्ये ‘परिस्थितिकीत सार्वत्रिक नियम आहेत का’ असा प्रश्न उघडपणे विचारला आणि जीवसमुदायांच्या बाबतीत तरी इतके योगायोग, इतक्या स्थानिक कारणांची गुंतागुंत आहे की तिथे गुरुत्वाकर्षणासारखे नियम मिळण्याची आशा कमीच, असे उत्तर दिले. मला यात कमीपणा वाटत नाही. भूशास्त्राला किंवा इतिहासाला आपण असा जाब विचारत नाही. पुण्याजवळच्या एखाद्या टेकडीवर आज जे उगवते ते पावसाने ठरते, मातीने ठरते, आणि शंभर वर्षांपूर्वी तिथे कोणी काय केले यानेही ठरते. हे तिसरे कारण कोणत्याही समीकरणात आपोआप येत नाही, ते जाऊन शोधावे लागते. परिस्थितिकी हे असे निम्मे भौतिकशास्त्राकडे आणि निम्मे इतिहासाकडे तोंड असलेले शास्त्र आहे, आणि तिच्या नावाने बोलणाऱ्याला स्थळकाळ सांगितल्यावाचून सुटका नाही.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले त्या मुद्द्याकडे येतो. क्लेमेंट्सचा सिद्धान्त त्याच्या मायभूमीत बाजूला पडला, तरी आपल्याकडे तो वनखात्याच्या वर्गीकरणात आणि पाठ्यपुस्तकांत मुरलेला राहिला. ब्रिटिश वनाधिकारी हॅरी चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केलेले आणि १९६८ मध्ये सेठ यांच्यासह सुधारलेले भारतीय वनांचे वर्गीकरण आजही प्रमाण मानले जाते. ते मुळात जंगलांचे वर्गीकरण असल्यामुळे दख्खनच्या कोरड्या भागातील गवताळ, विरळ झाडांचा मुलूख त्यात प्रामुख्याने उतरंडीला लागलेले जंगल म्हणूनच येतो. क्लेमेंट्सवर यात थोडा अन्यायच झाला आहे, कारण त्याच्या नेब्रास्कात गवत हीच चरम अवस्था होती. आपण मात्र त्याचा बाण घेतला आणि त्याच्या टोकाला वृक्ष लावला. महसूल दप्तरात ‘पडीक’, उपग्रहाच्या नकाशांत ‘ओसाड भूमी’ आणि शाळेत ‘अपूर्ण अवस्था’ अशी तीन लेबले एकाच माळावर चिकटली. महाबळेश्वरला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तिथून पूर्वेला काही तासांच्या अंतरावर फलटणला पाचशेच्या आसपास. एवढ्या उतारावर एकच चरम अवस्था मानणे हे मुळातच धाडस होते.

मारवेल, पवना, कुसळी अशा गवतांचे हे माळ म्हणजे कोणीतरी जंगल तोडल्यामुळे उरलेली जागा, हे गृहीतक आता ढासळले आहे. उष्ण, कोरड्या हवेत तग धरणारी ही गवते दक्षिण आशियात सत्तर-ऐंशी लाख वर्षांपूर्वी पसरली, असे शिवालिक टेकड्यांतील प्राचीन मातीच्या रासायनिक पुराव्यांवरून दिसते. म्हणजे कुऱ्हाड हातात घेणारा माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी. अलीकडे काही संशोधकांनी मध्ययुगीन मराठी वाङ्मयातील झाडाझुडपांचे उल्लेख स्थळांसह गोळा करून तपासले, तेव्हा या भागात शेकडो वर्षांपूर्वीही काटेरी, उघड्यावर वाढणाऱ्या, गवताळ प्रदेशाच्या ओळखीच्या वनस्पतीच मोठ्या प्रमाणात आढळल्या. आपल्या जुन्या ग्रंथांचा असा उपयोग होईल हे माझ्या पिढीच्या शिक्षकांना सुचले नव्हते. काही जण देवरायांकडे बोट दाखवून म्हणतात, की पाहा, मूळ जंगल असे होते. वर्तक आणि गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासापासून देवरायांचे मोल निर्विवाद आहे. पण सह्याद्रीच्या पावसातली राई ही सुपे किंवा नान्नजच्या माळाची साक्ष देऊ शकत नाही.

या गृहीतकाच्या बळावर दरवर्षी माळांवर खड्डे खणले जातात आणि गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली जाते. ‘समतोल परत आणण्यासाठी’ हा मजकूर फलकावर असतो. ज्या माळढोकासाठी सोलापुराजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले, त्याला दूरवर उघडी जमीन लागते. धाविक आणि चंडोल हे पक्षी गवतात जमिनीवर अंडी घालतात. काळविटाला संकट लांबून दिसावे लागते. या सगळ्यांच्या दृष्टीने सावलीची रांग ही नासाडीच असते. आज राज्यात माळढोक दिसला तर त्याचीच बातमी होते. त्याच्या ऱ्हासाला शेती, शिकार, विजेच्या तारा अशी अनेक कारणे आहेत, पण माळ म्हणजे रिकामी जागा ही समजूत त्यातले एक कारण आहे, आणि तेच एक कारण आम्ही शिक्षकांनी फळ्यावर काढून दाखवले.

माणसाला बाजूला काढले की निसर्ग पूर्वपदावर येतो, या विश्वासाची परीक्षा राजस्थानात भरतपूरला झाली. केवलादेव घना ही पाणथळ जागाच मुळात संस्थानिकांनी बंधाऱ्याचे पाणी वळवून, शिकारीसाठी घडवलेली. ती राष्ट्रीय उद्यान झाल्यावर नोव्हेंबर १९८२ मध्ये म्हशींची चराई बंद करण्यात आली. विरोध झाला, गोळीबारात गावकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने दहा वर्षांच्या अभ्यासाअंती दाखवले, की म्हशी गेल्यावर पास्पॅलम नावाचे पाणगवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांना जागा उरेना. चराईबंदीच्या बाजूने असलेल्या मंडळींतूनच हा अहवाल आला, हे मला त्या संस्थेचे मोठेपण वाटते. आपली अपेक्षा चुकली हे आकडे मांडून सांगणे, यालाच तर शास्त्र म्हणतात.

एक आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो प्रामाणिक आहे. समतोल नाही असे म्हटले, की डोंगर फोडणारे आणि नदीत भराव टाकणारे टाळ्या वाजवतील. निसर्ग बदलतोच, मग आम्ही बदलला तर काय बिघडले, असे म्हणतील. या भीतीपोटी कार्यकर्ते जुना शब्द सोडत नाहीत, हे मी समजू शकतो. पण निसर्ग बदलतो म्हणून प्रत्येक बदल सारखा ठरत नाही. बदलाचा वेग मोजता येतो, विस्तार मोजता येतो, आणि तो परत फिरवता येईल का हेही बऱ्याच अंशी सांगता येते. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर पावसाळ्यापुरती उगवणारी फुले त्या दगडाच्या खळग्यांतच जगतात. सडा खाणीत गेला की ती पुन्हा येण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण तो दगड तयार व्हायला भूशास्त्रीय काळ लागतो. हे विधान ‘समतोल बिघडेल’ यापेक्षा न्यायालयातही अधिक टिकेल आणि त्याला उत्तर देणेही अवघड जाईल. शिवाय जे राखायचे ते आपण आपल्या निवडीने, आपल्या जबाबदारीवर राखतो आहोत, हे मान्य करणे मला अधिक सरळ वाटते. निसर्गाच्या तोंडी आपला निर्णय घालण्याची मग गरज पडत नाही.

आपल्या वार्ताहरांना मी एवढीच विनंती करतो, की ‘समतोल’ हा शब्द वापरायचाच असेल तर तो कोणत्या जातीच्या, किती क्षेत्राच्या आणि किती वर्षांच्या संदर्भात, हे त्या तज्ज्ञांना विचारून घ्यावे. उत्तर आले तर बातमी अधिक चांगली होईल, आणि नाही आले तर तेही वाचकाला कळावे. जुलै महिन्यात वृक्षारोपणाच्या बातम्या छायाचित्रांसह येतील. त्यांत किती खड्डे खणले आणि कोणाच्या हस्ते रोप लावले याच्या शेजारी, खड्डे खणण्यापूर्वी त्या जमिनीवर कोणते गवत होते, ही एक ओळ छापली जावी.

कळावे,
आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
सासवड, जि. पुणे